एकच्या नोटा किती निघाल्या

आमच्या घरात कढई कधी चढवायची हे आई ठरवत नसे, नाना ठरवत. रविवारी सकाळी नाना लोखंडी कपाट उघडून आपले तीन अल्बम बाहेर काढत, आणि ते बाहेर असेपर्यंत घरात काही तळायचं नाही, फोडणीसुद्धा जपून द्यायची, असा नियम होता. तेलाचा धूर नोटेच्या कागदात शिरतो आणि मग नोट चिकट होते, असं त्यांचं म्हणणं. धुळ्यातलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. धूर जाणार कुठे? तेव्हा रविवारी साऱ्या गल्लीत भज्यांचा आणि कळण्याच्या पुऱ्यांचा वास सुटलेला असे आणि आम्ही उडदाची डाळ अन् दादर ज्वारीची भाकरी खात बसलेलो असू. आई त्या दिवशी भाकरी जरा जास्तच जोरात थापायची. एरवी ती आमच्यासारखंच शहरी बोलायची, पण माहेर साक्रीकडचं. रागावली की थेट अहिराणीवर यायची. "बठ्ठा जगले रईवार शे, फक्त आम्हले नही," असं ती तव्याकडे बघून म्हणे. नाना ऐकत आणि चिमट्याने एक नोट उचलून अल्बमच्या दुसऱ्या खिशात सरकवत.

नाना म्हणजे माझे वडील. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका तेलाच्या कारखान्यात ते वजनकाट्यावर होते. सरकीचे ट्रक यायचे, भरलेले आणि मग रिकामे, आणि दोन्ही वेळा नाना आकडा वाचून वहीत लिहायचे. ड्रायव्हर लोक चहा पाजायला बघत, नाना पीत नसत. त्यांच्या काट्यावरून निघालेली पावती पुढे कोणी तपासत नाही, असं त्यांचे मालकच सांगत, आणि हे सांगताना नानांचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. रोज सकाळी साडेसहाची एसटी, संध्याकाळी अंगाला सरकीच्या तेलाचा वास घेऊन परत. या माणसाने आयुष्यात एकच शौक केला, एक रुपयाच्या नोटा जमवण्याचा. दोनची नाही, पाचची नाही, फक्त एकची. मोठ्या नोटा जमवायला मोठे लोक पाहिजेत, ते म्हणत. शिवाय एकची नोट छापणं तेव्हा बंद झालेलं होतं, त्यामुळे आहेत त्याच राहिल्या, आता त्यांत भर पडणार नाही, या विचाराने त्यांना फार बरं वाटायचं. मला त्या नोटांचा मनस्वी राग होता. आता माझेही केस पांढरे व्हायला लागलेत, जळगावच्या एका कॉलेजात मी मुलांना संख्याशास्त्र शिकवते, आणि तरी कोणी जुनी एकची नोट समोर धरली की माझ्या कपाळाची शीर उडते.

त्या वर्षी मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. नानांनी एक चार पानी पत्रक काढायचं ठरवलं. एकच्या नोटा कशा ओळखाव्यात, कुठल्या सचिवाची सही कधीची, नंबराच्या चौकटीतलं बारीक अक्षर कशासाठी, असं सगळं. पत्रक त्यांनी सांगायचं आणि मी लिहून काढायचं. दुसऱ्या पानावर एका विशिष्ट सहीच्या, विशिष्ट अक्षराच्या नोटेबद्दल त्यांनी सांगितलं, "लिही. या प्रकारच्या नोटा फक्त पाच लाख निघाल्या."

मी विचारलं, "हा आकडा कुठला?"

"अगं, सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

"वैजू, तू लिही ना."

मी लिहिलं. हे मी आज मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्याचा दोष मी कितीतरी वर्षं एकट्या नानांवर ढकलत आले. ते वाक्य माझ्या अक्षरात होतं. मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी होते, विचारलं होतं, उत्तर मिळालं नव्हतं, आणि तरी पूर्णविराम देऊन मोकळी झाले होते. आम्ही दोनशे प्रती झेरॉक्स केल्या.

जळगावला वर्षातून एकदा नाणी-नोटा जमवणाऱ्यांचा मेळावा भरायचा, एका मंगल कार्यालयात. लांब टेबलांवर पांढऱ्या चादरी, त्यावर अल्बम, भिंगं, आणि कोपऱ्यात भरीत-पुरीचं जेवण. नाना मला दरवर्षी टेबल सांभाळायला घेऊन जात. ही गोष्ट पत्रकानंतरच्या दुसऱ्या मेळाव्यातली; आदल्या वर्षी वाटलेलं आमचं पत्रक तोवर बऱ्यापैकी फिरलं होतं. सकाळीच फैजपूरचे आबा आले. आबा केळीचे बागायतदार, सहा फूट उंच, पांढरीशुभ्र टोपी, आणि नानांचे वीस वर्षांचे दोस्त. दोघांची ओळख अशाच मेळाव्यात एका फाटक्या नोटेवरून भांडण होऊन झाली होती. आबांनी इकडेतिकडे पाहून खिशातून एक पाकीट काढलं. आत दहा नोटा, कोऱ्या करकरीत, ओळीने नंबर. तीच सही, तेच अक्षर.

"पाच लाखातल्या दहा, नाना," आबा हळूच म्हणाले. "तुमचं पत्रक वाचलं अन् मंग काय मी सोडतो! बाहेरगावचा एक व्यापारी आला व्हता, त्याच्याजोळून घेतल्या."

"कितीला?" नानांनी विचारलं.

आबा आणखी खाली वाकले. त्यांच्या आईची पुतळ्यांची माळ होती. त्यातल्या पाच पुतळ्या त्यांनी व्यापाऱ्याला दिल्या होत्या. पाच, सोन्याच्या. "घरी कोनाले सांगितलं नाही," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले. नाना पण हसले. मी त्या वेळी फक्त एवढाच विचार केला की हे दोघं वेडे आहेत, आणि पत्रकांचा गठ्ठा सरळ केला.

दुपारच्या जेवणानंतर नानांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते पत्रकातलंच बोलले. पाच लाखांचं वाक्य आलं तेव्हा पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ उठले, बहुतेक बँकेतून निवृत्त झालेले असावेत, आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "नाना, हा आकडा आपण कुठून घेतला? मी दहा वर्षं शोधतोय, मला मिळाला नाही."

नानांनी 'ऐकीव आहे' एवढं म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण तिसऱ्या रांगेत आबा बसले होते, हात छातीवर, खिशातल्या पाकिटावर.

"आहे माझ्याकडे," नाना म्हणाले. "कागद शोधून कळवतो."

आबांनी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

परतीच्या बसमध्ये एरंडोल गेलं, पारोळा गेलं. मग नाना म्हणाले, "वैजू, तुला इंग्रजीत अर्ज लिहिता येईल ना? तो माहितीच्या अधिकाराचा कायदा आलाय नवीन. दहा रुपयांत सरकार सांगतं म्हणे."

"म्हणजे कागद नाही तुमच्याकडे?"

"एका नोटांच्या दलालाने सांगितलं होतं. जाणता माणूस होता."

"मग त्यांना विचारा."

"वारले ते," नाना म्हणाले आणि खिडकीतून कापसाच्या रानाकडे बघत बसले.

दहा रुपयांत सरकार सांगतं, हे खरं. पण दहा रुपये सरकारला द्यायचे कसे, हे कोणी सांगत नाही. पोस्टल ऑर्डर लागते. पहिल्या पोस्टात म्हणाले संपल्या. दुसऱ्या पोस्टात म्हणाले हेडपोस्टात जा. हेडपोस्टात बाई म्हणाल्या, "कोणाच्या नावाने?" ते मला माहीत नव्हतं, त्यांनाही माहीत नव्हतं, रांगेतल्या एका वकिलांना माहीत होतं पण ते चुकीचं निघालं. अर्ज नोटा काढणाऱ्या मध्यवर्ती बँकेला मुंबईला गेला आणि तीन आठवड्यांनी तसाच परत आला, पोस्टल ऑर्डरवरचं नाव बरोबर नाही म्हणून. पुन्हा ऑर्डर, पुन्हा अर्ज, पुन्हा रजिस्टर. महिना गेला. मग जाड कागदावर सुंदर टाइप केलेलं दोन ओळींचं उत्तर आलं. एक रुपयाची नोट ही बँक काढत नाही, ती भारत सरकार काढतं, सबब माहिती या कार्यालयाकडे नाही.

मी अल्बम उघडून नानांच्या पुढ्यात ठेवला. "वाचा. नोटेवर वर काय लिहिलंय?"

"भारत सरकार."

"आणि सही कोणाची आहे?"

"वित्त सचिवाची."

"मग बँकेला कशाला विचारलं आपण?"

"सगळ्या नोटा बँकच काढते ना, वैजू."

"ही सोडून! पहिल्या पानावर आहे आपल्या पत्रकात! मी लिहिलंय स्वतःच्या हाताने, ही सोडून!"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तू काय वरडी राहिनी त्यास्नावर? तूच लिखं ना अर्ज?" तेही खरं होतं, आणि त्याचा मला जास्त राग आला.

मग दिल्ली. दिल्लीच्या कार्यालयाने अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवल्याचं पत्र आम्हाला पाठवलं. दुसऱ्याने तो छापखान्याकडे पाठवल्याचं पत्र पाठवलं. छापखान्याने लिहिलं की आम्ही मागणीप्रमाणे छापतो, किती बाहेर गेल्या ते बँकेला विचारावं, कारण वाटप बँक करते. म्हणजे पुन्हा मुंबई. मी एक जुनी वही घेऊन त्यात तारखा आणि जावक क्रमांक लिहायला लागले, कारण कुठल्या पत्राला कुठलं पत्र उत्तर आहे हे कळेनासं झालं होतं. आमचा पोस्टमन सायकल लावतानाच ओरडायचा, "नाना, सरकार आलं!" एक पत्र इतक्या अवघड हिंदीत आलं की गल्लीतल्या हिंदीच्या बाईंना नेऊन दाखवलं, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "यात नाही म्हटलंय. पण फार चांगल्या शब्दांत म्हटलंय." शेवटी सहा-सात महिन्यांनी एक तक्ता आला. त्यात एकेका वर्षी एकच्या एकूण किती नोटा निघाल्या ते होतं. कुठल्या सहीच्या किती, कुठल्या अक्षराच्या किती, याची वर्गवारी ठेवली जात नाही, असं खाली एक वाक्य. आम्ही अपील केलं. अपिलात सांगितलं, दिलेली माहिती योग्य आहे.

या सगळ्या काळात दर रविवारी अकराच्या सुमाराला आबांचा फोन यायचा. "सापडला का हो कागद?" फोन मीच उचलायची, कारण नाना हाताने खूण करून मागच्या दाराने बाहेर पडायचे. "नाना अंघोळीला गेलेत, आबा," मी सांगायची. आबा एकदा म्हणाले, "तुझे नाना दर रविवारी आंघोळ करता वाटतं," आणि हसले. मी फोन ठेवला आणि मागच्या दारात जाऊन नानांना वाट्टेल ते बोलले. ते नळाजवळ उभे होते, कोरडे, हातात भिंग.

उत्तर मला आर्किमिडीजसारखं न्हाणीत वगैरे सुचलं नाही. मी चिडून तो तक्ता आणि नानांच्या नोटा शेजारी ठेवून बसले होते आणि नंबरांकडे बघत होते. नोटेच्या नंबरात सुरुवातीला दोन आकडे आणि एक अक्षर असतं (चौकटीतलं बारीक अक्षर ते वेगळं), तो झाला गट. आणि पुढे सहा आकडे. सहा आकड्यांत दहा लाख नोटा मावतात, त्या संपल्या की गट बदलतो. नानांच्या त्या प्रकारच्या नोटा एकाच गटाच्या होत्या, आबांच्या दहा नोटाही त्याच गटाच्या. एकाच ठिकाणाहून फुटलेल्या असणार. पण सगळ्या मिळून नोटा पाच लाखच असतील, तर जगात त्या प्रकारचा एकच गट असायला हवा, आणि तोही अर्धा. दुसऱ्या गटाची एक जरी नोट सापडली, तरी आकडा गेला. हे कळायला ना दिल्ली लागत होती ना दहा रुपये. आठ महिने कपाट आमच्या घरात होतं. मी स्वतःच्या तोंडात मारून घ्यायचं तेवढं बाकी राहिलं.

आता जुन्या एकच्या नोटा पुष्कळ आणि एकत्र पाहायला मिळणार कुठे? आईने भाजी निवडता निवडता सांगितलं, "नवरदेवाच्या हारात." आमच्याकडे लग्नात नवरदेवाला नोटांचा हार घालतात, तो काही लोक भाड्याने आणतात, आणि भाड्याच्या हारात तेव्हा अजून जुन्या एकच्या नोटा असायच्या. जळगावच्या जुन्या बाजारात कमलमावशी हे काम करायच्या. त्यांच्या दुकानात छताला चाळीसेक हार टांगलेले होते, आणि लग्नसराई असल्यामुळे रोज दहा जात आणि दहा येत. मी काय करणार आहे ते त्यांना समजावून सांगितलं. त्यांना ते मूर्खपणाचं वाटलं हे त्यांनी लपवलं नाही.

"बघ बाई. पण घडी मोडायची नाही. एक घडी मोडली की सगळं फूल उसवतं."

नोटेची पंख्यासारखी घडी घालून फूल केलेलं असतं, त्यात एका बाजूचा नंबर दिसतो, सही दिसते न दिसते. मी कॉलेज बुडवून तीन दिवस धुळे-जळगाव केलं. स्टुलावर उभी राहून मान वर करून नंबर वाचायचे, खाली उतरून लिहायचे. मधेच एखादं वऱ्हाड येऊन हार काढून न्यायचं आणि माझी रांग चुकायची. एका नवरदेवाच्या मामाने मला विचारलं, "ताई, नोटा कमी आहेत का?" मी म्हटलं, "नाही, जास्त आहेत." पहिल्या दिवशीच्या दुपारीच मला दुसरा गट मिळाला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या सहीच्या, त्या अक्षराच्या नोटांचे चौदा निरनिराळे गट माझ्या वहीत होते, आणि बहुतेक गटांत नऊ लाखांच्या पुढचे नंबर.

मी घरी आले ती जवळजवळ धावतच. आई शेव तळत होती, वार बुधवार होता. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. "चौदा गट, नाना! निदान एक कोटी! एक कोटीच्या वर! कसले पाच लाख घेऊन बसलात!" आठ महिन्यांचा सगळा वैताग माझ्या आवाजात होता आणि मला फार छान वाटत होतं.

नानांनी वही घेतली. एकेक नंबर बोटाने वाचला, ट्रकचं वजन वाचावं तसा. मग वही मिटून म्हणाले, "बरोबर आहे तुझं." एवढंच. आणि मग ते फोनकडे बघत बसले. तेव्हा कुठे मला आबांच्या आईच्या पुतळ्या आठवल्या. मी खरंच विसरून गेले होते.

आई म्हणाली सांगू नका. दोस्ती जाईल, आणि पुतळ्या तर परत यायच्या नाहीत. "कोन इचारी राहिनं? सरकारले ठाऊक नही, तुम्हीन कशाले सांगतस?" नानांनी रविवारी सकाळी तिन्ही अल्बम पिशवीत भरले आणि मला म्हणाले, "वही घे."

फैजपूरला पोचेपर्यंत दुपार झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, घडांवर निळ्या पिशव्या चढवलेल्या, आणि त्यातून येणारा तो ओला गार वारा. आबांचं घर नवं, दुमजली, ओसरीत झोपाळा. आम्हाला पाहून आबांना कोण आनंद झाला. "सापडला का कागद?" जोडे काढायच्या आत त्यांनी विचारलं, आणि सुनेला हाक मारून वरणबट्टी टाकायला सांगितली. ही सून म्हणजे रजनीवहिनी, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी पाणी आणून दिलं आणि आत गेल्या.

नानांनी जेवण होईपर्यंतही थांबायचं नाही असं ठरवलं असावं. झोपाळ्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. दलालाचं ऐकीव, मेळाव्यात कागद आहे म्हणालो ते खोटं, आणि मग हारातल्या नोटा. माझी वही आबांपुढे ठेवली. आबांनी पानं उलटली.

"म्हंजे या दहा नोटा..."

"शंभर-दोनशे रुपयांच्या. सगळ्या मिळून."

"मी मागच्या महिन्यात त्या व्यापाऱ्याच्या दुकानात जाऊन विचारलं व्हतं," आबा म्हणाले. "मले थोडा संशय आल्ता. तर त्यानं ड्रॉवरातून तुमचं पत्रक काढून दाखवलं. मी कुठी बोललो, म्हने, हे नाना बोलले."

नानांनी पिशवी पुढे सरकवली. "हे ठेवा, आबा. तिन्ही आहेत."

"मले कायले हे?" आबा एकदम मोठ्याने ओरडले. मी त्यांना तसं कधी ऐकलं नव्हतं. "मी आठ महिने फोन करतो, अन् तुम्ही आंघोळ करता! मले पहिल्या रविवारी सांगितलं असतं, नाना, की मले माहीत नाही, तर मी त्याच दिवशी त्या मानसाच्या मागं गेलो असतो. तेव्हा पुतळ्या त्याच्याजोळ व्हत्या! आता त्या आटवल्या बी त्यानं!"

पिशवी तशीच दोघांच्या मधे राहिली.

आतल्या दारात रजनीवहिनी उभ्या होत्या, हाताला बट्टीचं पीठ. "कुठल्या पुतळ्या?" त्यांनी विचारलं.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुम्ही सांगा," ते नानांना म्हणाले. "माझ्यानं सांगवत नाही. माळ तिची व्हती. आईनं जाताना तिच्या नावानं ठेवली व्हती."

हे आम्हाला माहीत नव्हतं. नाना उठून उभे राहिले. माझे वडील, ज्यांच्या पावतीला कोणी हात लावत नसे, ते एका तीस वर्षांच्या सुनेपुढे उभं राहून, हात जोडून, पहिल्यापासून पुन्हा सगळं सांगायला लागले. वहिनींनी मधे एकदाही अडवलं नाही. त्यांचे डोळे भरले, त्यांनी ते मनगटाने पुसले, आणि कपाळाला पीठ लागलं.

"ते छापलेलं कुठं कुठं गेलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"दोनशे प्रती," मी म्हटलं. "पुढे त्यांच्याही झेरॉक्स निघाल्या असतील."

"मंग अजून कोनाच्या घरातल्या पुतळ्या गेल्या असतीन, कोनाले माहीत." त्यांनी आबांकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. "तुम्ही दोघं एवढे मोठे मानसं. घरात एकदा विचारलं असतं तर काय झालं असतं? आता हे बी छापा. जसं ते छापलं, तसंच हे छापा, अन् जिथं जिथं ते दिलं तिथं जाऊन द्या. अल्बम घेऊन जा तुमचे. मले त्या कागदांचा वास बी नको घरात."

मग त्या आत गेल्या आणि थोड्या वेळाने पानं वाढली. आम्ही जेवलो. त्या घरी कोणाला उपाशी पाठवायची पद्धत नव्हती. आबा आमच्याबरोबर बसले नाहीत. बागेत मजूर आहेत म्हणून निघून गेले.

नानांनी पत्रक छापलं. या वेळी झेरॉक्स नाही, छापखान्यात, पाचशे प्रती, आणि त्यासाठी अल्बमातल्या दोन नोटा विकल्या. मजकूर त्यांनी स्वतः लिहिला, मला हात लावू दिला नाही. अमुक प्रकारच्या नोटा पाच लाख निघाल्या असं मी लिहिलं होतं, ते मला माहीत नसताना लिहिलं. नेमक्या किती निघाल्या हे मला आजही माहीत नाही. एक कोटीहून जास्त असाव्यात. माझ्या मुलीने चौदा गट मोजले, ते खाली दिले आहेत. ज्यांचं माझ्या शब्दावरून नुकसान झालं त्यांची मी माफी मागतो. पुढच्या मेळाव्यात ते मंगल कार्यालयाच्या दारात उभे राहिले आणि येईल त्याच्या हातात एक प्रत देत राहिले. ते म्हातारे बँकवाले गृहस्थ आले, उभ्याउभ्याच वाचलं, आणि नानांशी न बोलता माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, ही हाराची युक्ती मला दहा वर्षांत सुचली नाही." दोन-चार जण हसले. एका व्यापाऱ्याने प्रत घेऊन तिथेच चुरगाळली. आबा आले, दुपारी, उशिरा. त्यांनी प्रत घेतली, घडी केली, खिशात ठेवली आणि लांबच्या खुर्चीवर बसले. नाना आणि ते पुन्हा बोलायला लागायला आणखी दोन वर्षं गेली, आणि पहिल्यासारखं तर कधीच झालं नाही. रजनीवहिनींच्या मुलीच्या लग्नाला आता दोन वर्षांपूर्वी मी गेले होते. माळ तिच्या गळ्यात होती, पाच पुतळ्यांच्या जागी काळे मणी ओवलेले. वहिनींनी ते मला बोट लावून दाखवलं. त्या हसत नव्हत्या आणि रागावलेल्याही नव्हत्या, नुसतं दाखवलं.

पण माझा वैताग यापुढचाच आहे. नानांनी त्या पत्रकाच्या शेवटी, मला न विचारता, आमचा पत्ता आणि माझं नाव छापलं होतं. महिन्याभरात पोस्टकार्डं यायला लागली. माझी परीक्षा तोंडावर, आणि पोस्टमन रोज दारात. पहिलं कार्ड पहूरच्या एका किराणा दुकानदाराचं होतं. ताई, आमच्याकडे दोन रुपयांची जुनी नोट आहे, अशा किती निघाल्या ते उलट टपाली कळवावे. मी ते कार्ड नानांच्या पुढ्यात आपटलं आणि म्हटलं, तुम्ही निस्तरा. नानांनी ते वाचलं, चष्मा काढला, आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. मी परीक्षेचं पुस्तक मिटलं. मग लिहिलं : माहीत नाही. आपल्या नोटेचा पूर्ण नंबर कळवा, आणि गावात आणखी कोणाकडे असतील तर त्यांचेही.